मशीनच्या दारातलं मूल आणि त्याची आई

न जेवणाऱ्या मुलाला आपल्याकडे तिघांची भीती घालतात. बागुलबुवाची, पोलिसाची आणि डॉक्टरची. "गप जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य न ऐकता मोठं झालेलं मूल सापडणं कठीण. मग एक दिवस ते मूल खरोखरच आजारी पडतं. फिट येते, डोक्याला मार लागतो, नाहीतर लघवीला जळजळ होऊन पुन्हा पुन्हा ताप येतो. डॉक्टर कागदावर एमआरआय, सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफी लिहून देतात. ज्याच्या नावाने त्याला इतकी वर्षं गप्प बसवलं, त्याच्याच खोलीत त्याने एकट्याने जायचं असतं. मूल किंचाळतं. यात नवल काहीच नाही. नवल याचं वाटायला हवं की त्या किंचाळण्याचा जाब त्याच्या आईला विचारला जातो.

"लाडावून ठेवलंय तुम्ही." "एवढं समजावता येत नाही का?" "बाई, तुम्ही बाहेर थांबा, तुम्ही आहात म्हणून रडतंय ते." वस्तीतल्या कुठल्याही बैठकीत विचारून पाहा, तीन-चार जणींना तरी ही वाक्यं तोंडपाठ असतील. घरी परत गेल्यावर सासू आणि नवरा तेच वेगळ्या शब्दांत म्हणतात. मुलाची भीती म्हणजे आईच्या संगोपनात राहिलेली कसर, असं सगळ्यांनी आपसात ठरवूनच टाकलेलं आहे.

हा विषय आपल्या पानांवर कशाला, असं काहीजणींना वाटेल. स्त्री चळवळीची आणि तपासणीच्या यंत्रांची ओळख झाली ती गर्भलिंगचाचणीच्या निमित्ताने. त्या लढ्यातून महाराष्ट्रात १९८८ साली कायदा झाला, केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६ पासून अमलात आला. यंत्र कुणाच्या हातात आहे, ते कुणासाठी चालतं आणि ज्या शरीरावर ते चालतं त्या शरीराच्या मालकिणीला कुणी काही विचारतं का, हे प्रश्न आपण तेव्हा विचारले. तेच प्रश्न मुलांच्या बाबतीत विचारायचे राहून गेले आहेत. ते आपणच विचारायला हवेत, कारण त्या दारात मुलाबरोबर बहुतेक वेळा बाईच उभी असते.

वॉर्डात हवी, खोलीत नको

आयांनी एकत्र येऊन हा प्रश्न लढवल्याचं एक जुनं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरही तिथल्या अनेक हॉस्पिटलांत आईबापांना मुलांना भेटायची परवानगी आठवड्यातून मोजक्याच वेळा मिळायची. आई आली की मूल रडतं, म्हणून आईने येऊच नये, असं शास्त्र सांगितलं जाई. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक माहितीपट दाखवला. हॉस्पिटलात एकटीला ठेवलेली एक लहान मुलगी दिवसेंदिवस कशी बदलत जाते, ते त्यात दिसतं. हॉस्पिटलवाले जिला 'सवय झाली' म्हणत, ती प्रत्यक्षात निराशा होती. पुढे १९५९ साली सरकारी प्लॅट समितीने शिफारस केली की आईबापांना केव्हाही भेटू द्यावं आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्यावं. अहवाल आला, पण हॉस्पिटलं ढिम्म हलेनात. तेव्हा १९६१ साली लंडनच्या बॅटरसी भागातल्या आयांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि हॉस्पिटलांच्या मागे लागून ती शिफारस अमलात आणायला लावली. कागदावरचा हक्क पदरात पडायला तिथेही बायकांना दारं ठोठवावीच लागली.

आपल्याकडे चित्र उलटं दिसतं. सरकारी रुग्णालयात मुलाजवळ आई चोवीस तास असते. कुणी तिला घालवत नाही, कारण ती नसली तर मुलाला भरवायचं कुणी, शी-शू काढायची कुणी, सलाईन संपली की नर्सला हाक मारायची कुणी? परिचारिकांच्या अपुऱ्या संख्येची भरपाई आईच्या फुकटच्या श्रमातून होते. पण हीच आई मुलाला घेऊन स्कॅनच्या खोलीच्या दारात आली की एकाएकी अडगळ होते. श्रम करायला ती चालते, धीर द्यायला चालत नाही. तिच्या हातांचा उपयोग व्यवस्थेला कळतो. तिच्या असण्याचा मुलाला काय उपयोग आहे, तो मात्र कळत नाही.

खरं तर बहुतेक वेळा आईला आत थांबता येतं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, असतं ते जबरदस्त ताकदीचं चुंबक. अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवलं आणि शरीरात धोकादायक धातू किंवा पेसमेकरसारखं उपकरण नाही याची खात्री केली की सोबतीला माणूस आत थांबू शकतो. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो. तिथे थांबणाऱ्याने शिशाचा एप्रन घालायचा आणि गरोदर बाईने थांबायचं नाही. सोनोग्राफीत तर यातलं काहीच नसतं. तरीही सरसकट 'बाहेर थांबा' सांगितलं जातं, कारण प्रत्येकीला विचारण्या-समजावण्यापेक्षा ते सोपं पडतं.

आणि विचारलं जातं ते कसं? "बाई, दिवस गेलेत का? कॉपर टी बसवलीय का? ऑपरेशन झालंय का?" रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांसमोर, दीर आणि सासऱ्यासमोर, मोठ्या आवाजात. जिने घरी न सांगता कॉपर टी बसवून घेतली आहे, तिने काय उत्तर द्यायचं? कॉपर टीमुळे तिचं आत थांबणं सहसा अडणारही नसतं, पण खरं बोलायला तिला आडोसाच मिळत नाही. मग मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, पिना उतरवायची वेळ येते. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर सासूच्या चेहऱ्याकडे पाहून माघार घेणाऱ्या बायका आहेत. अशा वेळी दारावरच्या ताईने शांतपणे "चुंबक आहे, सगळ्यांनाच काढावं लागतं, परत येऊन घाला" एवढं सांगितलं तरी काम होतं. ते सांगायला कुणी नसतं, आणि मूल एकटंच आत जातं.

बापाने आत थांबायला काय हरकत आहे? काहीच नाही. बाप बहुधा पैसे भरायच्या खिडकीशी किंवा फाईल घेऊन फिरताना दिसतो, कारण कामांची वाटणी तशीच झालेली असते. मुलाचा हात धरून बसणं हेही काम आहे आणि ते पुरुषाला जमतं, हे त्याला शिकवायची ही चांगली जागा आहे. आई गरोदर असेल तेव्हा तर एक्स-रे आणि सीटीच्या खोलीत त्यानेच थांबायला हवं.

'हलू नको, बोलू नको'

आपल्यातल्या कितीतरी जणी शाळांमधून, वस्त्यांमधून चांगल्या-वाईट स्पर्शाची शिबिरं घेतात. २०१२ साली पॉक्सो कायदा आल्यापासून ती वाढली आहेत. आपण मुलांना शिकवतो की तुझं शरीर तुझं आहे, नको वाटलं तर 'नाही' म्हण, मोठ्याने ओरड, विश्वासाच्या माणसाला सांग. आता तपासणीच्या खोलीतून याकडे पाहा. अंधारी खोली, अनोळखी पुरुष, कपडे उतरवलेले, दार बंद, विश्वासाचं माणूस बाहेर, आणि हुकूम एकच, 'हलू नको, बोलू नको.' शिबिरात शिकलेली मुलगी जर इथे ओरडली तर तिने धडा नीट गिरवला असंच म्हणायला हवं. आपण तिला 'नाटकं करते' म्हणतो.

काही तपासण्या तर याहून अवघड असतात. लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होणाऱ्या मुलांची एक तपासणी करतात. लघवीच्या जागी बारीक नळी घालून मूत्राशयात द्रव सोडतात आणि मूल टेबलावर लघवी करत असताना एक्स-रे घेतात. चार-पाच वर्षांच्या मुलीला हे काय वाटत असेल? बालसाक्षीदारांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधकांनी १९९० च्या दशकात याच तपासणीतून गेलेल्या मुलांचा अभ्यास केला. लैंगिक अत्याचाराच्या अनुभवाशी काही बाबतींत जुळणारा, पण वैद्यकीय कारणाने घडणारा प्रसंग म्हणून त्यांनी ही तपासणी निवडली होती. तपासणी गरजेची असते, ती करायलाच हवी. पण जी गोष्ट संशोधकांना इतकी गंभीर वाटते, ती आपल्या दवाखान्यांत 'पाय धरा हिचे' एवढ्यावर उरकली जाते.

यात मुलगा आणि मुलगी यांना वेगवेगळा मार बसतो. मुलाला 'बायकांसारखा रडतोस काय?' असं ऐकावं लागतं. रडणं बाईचं आणि म्हणून कमीपणाचं, हा धडा त्याला आजारपणातही मिळतो. मुलगी गप्प राहिली तर 'शहाणी आहे' म्हणून शाबासकी मिळते. पण गप्प बसणं म्हणजे न घाबरणं नव्हे. ज्या मुलीला घरात आधीच गप्प राहायला शिकवलं आहे तिची भीती कुणाला दिसतच नाही, म्हणून तिला धीरही कुणी देत नाही.

वयात आलेल्या मुलीची अडचण आणखी निराळी. पाळीत पोट फार दुखतं म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला सोनोग्राफी सांगतात. भरपूर पाणी पिऊन, लघवी रोखून ती बाकावर बसते. आजूबाजूला सगळ्या गरोदर बायका, समोर भिंतीवर गर्भलिंगनिदान केले जात नाही अशी पाटी. ओळखीचं कुणी दिसलं तर 'लग्नाआधी हिला सोनोग्राफी कशाला?' ही कुजबुज गल्लीत पोचायला वेळ लागत नाही. तिची भीती मशीनची नसते, माणसांची असते. ती घालवायची तर तिच्याशी आधी, एकटीशी बोलायला हवं. पोटावर थंड जेल लावून वरून यंत्र फिरवतात, दुखत नाही, यातून पाळीच्या दुखण्याचं कारण कळायला मदत होते, आणि तुझी तपासणी ही तुझी खाजगी बाब आहे, एवढं तरी तिला सांगायला हवं.

आधी आईला सांगा

मुलाला काय सांगायचं, हा प्रश्न पुढचा. आधी आईला तरी कुणी काही सांगतं का? 'किरणांनी काही होणार नाही ना हो?' असं विचारणाऱ्या आईला हसण्यावारी नेतात. त्या हसणाऱ्यांना ॲलिस स्ट्युअर्ट या इंग्लंडमधल्या डॉक्टर बाईंची गोष्ट सांगायला हवी. मुलांना कॅन्सर का होतो हे शोधताना त्यांनी ठरवलं की आयांनाच विचारायचं. कॅन्सरने मूल गमावलेल्या आणि निरोगी मुलं असलेल्या अशा दोन्ही आयांना त्यांनी बारीकसारीक प्रश्न विचारले. उत्तरांतून दिसलं की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या बायकांच्या मुलांत कॅन्सरचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. १९५६ आणि १९५८ साली त्यांनी हे छापलं. वैद्यकविश्वाने ते मान्य करायला पुढे कितीतरी वर्षं लावली. आईच्या आठवणीतून आणि आईच्या शंकेतून शास्त्र पुढे जातं ते असं. म्हणून आईच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं पाहिजे. एक्स-रे आणि सीटीमध्ये किरणं असतात, एमआरआय आणि सोनोग्राफीत नसतात. गरज असेल तेव्हा फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो, पण 'आताच हवी का, दुसऱ्या तपासणीने भागेल का' हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आईचा जीव थाऱ्यावर असेल तर मूलही निम्मं शांत होतं.

मुलाशी बोलताना खोटं बोलायचं नाही, हा पहिला नियम. 'नुसता फोटो काढायचाय' म्हणून नेलं आणि आत बोगद्यासारखं मशीन धडधडायला लागलं की पुढच्या वेळी ते मूल आपल्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. एमआरआयला मशीनच्या आकाराची नळी असते, आत ठकठक, घर्रघर्र असा मोठा आवाज होतो, कान झाकायला मिळतात, वीस-पंचवीस मिनिटं किंवा जास्तही पडून राहावं लागतं आणि मशीन अंगाला लागत नाही, हे जसंच्या तसं सांगावं. सीटी स्कॅन काही मिनिटांत उरकतो, तेही सांगावं. सुई असेल तर 'टोचेल, मग थांबेल' असं म्हणावं. 'झोपवणार आहेत' म्हणण्याआधी विचार करावा. ज्या घरात आजोबा गेले तेव्हा मुलाला 'आजोबा झोपलेत' असं सांगितलं होतं, तिथे त्या शब्दाचा अर्थ मुलाला वेगळाच लागतो.

सरावाला पैसा लागत नाही. खाटेखाली चादर घालून बोगदा होतो, थाळीवर चमचा वाजवून मशीनचा आवाज होतो. 'स्टॅच्यू' हा खेळ आपल्या सगळ्या मुलांना येतो. त्या बोगद्यात पडून स्टॅच्यू किती वेळ टिकतो, हे दोन दिवस खेळलं की खरं मशीन निम्मं ओळखीचं होतं. आधी बाहुलीला आत घालावं, मग आपण जावं. शिवाय मुलाला थोडा तरी अधिकार द्यावा. कुठल्या हाताला सुई, कुठलं गाणं म्हणायचं, जवळ कुणी थांबायचं, हे त्याने ठरवावं. एमआरआयमध्ये हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की बाहेरच्यांना कळतं. 'नको वाटलं तर हा दाब' हे मुलाला सांगितलंच पाहिजे. मग 'हलू नको' हा हुकूम राहत नाही, दोघांनी मिळून ठरवलेली गोष्ट होते.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलात जीई कंपनीचे डिझायनर डग डीट्झ यांनी स्कॅनच्या खोल्यांना समुद्री चाच्यांच्या जहाजाचं वगैरे रूप दिलं. त्याआधी बहुतेक मुलांना गुंगी द्यावी लागत होती, नंतर ते प्रमाण बरंच उतरलं. मशीन तेच होतं, मुलांना सांगितलेली गोष्ट बदलली होती. आपल्याकडेही काही महागडी हॉस्पिटलं भिंतींवर मासे आणि माकडं रंगवतात. रंगवू देत. पण भिंत रंगवली आणि आईला बाहेरच ठेवलं तर ती जाहिरात झाली.

'आधी मशीन तर येऊ दे'

यावर दोन आक्षेप येतात. पहिला गर्दीचा. तंत्रज्ञांवर ताण आहे हे खरंच आहे. अनेक सरकारी रुग्णालयांत स्कॅनचं काम कराराने खाजगी कंपन्यांकडे गेलं आहे आणि तिथे दिवसाच्या आकड्याला महत्त्व येतं. पण घाबरलेलं मूल हलतं, फोटो बिघडतो, पुन्हा काढावा लागतो. सीटीत याचा अर्थ पुन्हा किरणं. गुंगी द्यायची तर भूलतज्ज्ञ हवा, मुलाला तासन्‌तास उपाशी ठेवायला हवं, नंतर शुद्धीवर येईपर्यंत लक्ष ठेवायला हवं. सकाळपासून उपाशी असलेल्या मुलाचा नंबर दुपारी लागतो तेव्हा त्याची समजूत घालत ओसरीत बसलेली असते ती आईच. दहा मिनिटं बोलण्यात घालवली तर वेळ वाचतोच.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो. तालुक्याला साधं एक्स-रे मशीन धड चालत नाही, मुलं उपचाराविना मरतात, तिथे भीतीचे हे चोचले कशाला? बाळंतपणाच्या खोलीत बायकांना मिळणाऱ्या शिव्या आणि थपडांबद्दल आपण बोलायला लागलो तेव्हाही हेच ऐकलं होतं. आधी दवाखाना तर मिळू दे, मान नंतर मागा. अनुभव असा आहे की जिथे अपमान होतो तिथे बाई पुन्हा जात नाही. जिथे मूल घाबरून आजारी पडलं, तिथे आई पुढच्या तपासणीला न्यायचं टाळते. सेवा आणि सन्मान एकत्रच मागावे लागतात.

मात्र एक सावधगिरी हवी. मुलाला तयार करणं हे आईच्या कामाच्या यादीतलं आणखी एक काम होता कामा नये. अगदी तान्ही मुलं, फार दुखत असलेली, स्वमग्न किंवा मतिमंद मुलं, यांना सगळं करूनही गुंगी लागू शकते. तो आईचा पराभव नव्हे. म्हणून ही जबाबदारी आधी रुग्णालयाची आहे. मुलाशी संबंधित बाबींत त्याचं म्हणणं ऐकलं जावं, असं १९८९ च्या बालहक्क करारात म्हटलं आहे आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री-रुग्णाजवळ दुसरी स्त्री असावी, हे तिच्यात आहे. महाराष्ट्रात २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. ती आपल्या भागात कुठे कुठे लागली आहे, हे पाहण्यापासून सुरुवात करता येईल.

गटांनी आपापल्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपुढे एवढ्या मागण्या ठेवाव्यात:

१. मुलांच्या स्कॅनसाठी सकाळची पहिली वेळ राखावी, विशेषतः उपाशी ठेवायचं असेल तेव्हा.
२. तपासणी लिहून देतानाच ती काय आहे, किती वेळ लागेल, काय वाटेल याचं मराठी पत्रक द्यावं आणि वाचता न येणाऱ्यांना तोंडी सांगावं.
३. सुरक्षिततेचं कारण नसेल तर आई, बाप किंवा मुलाने निवडलेलं माणूस आत थांबेल.
४. दिवस, कॉपर टी, ऑपरेशन यांचे प्रश्न आडोशाला, एकटीला विचारावेत.
५. मुलींच्या तपासणीला स्त्री-कर्मचारी हजर असावी.
६. धमकी देणं, टोमणे मारणं आणि न सांगता हातपाय धरणं बंद व्हावं.

यातल्या एकाही मागणीला नवं मशीन लागत नाही.

आपल्या बाजूने करण्यासारखंही बरंच आहे. अंगणवाडीत आणि बालवाडीत 'डॉक्टर-डॉक्टर'च्या खेळात बोगदा आणि थाळीचा आवाज आणता येईल. आशा कार्यकर्त्या मुलांना पुढच्या तपासणीला पाठवतात तेव्हा सोबत काय सांगायचं, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवता येईल. स्कॅनच्या खोलीतल्या तंत्रज्ञांना आणि आयाबाईंना बैठकीला बोलावून त्यांच्या अडचणी ऐकता येतील, कारण त्यांच्याशी भांडून हे काम होणार नाही. आणि घरात डॉक्टरची भीती घालणं तर आजपासूनच थांबवता येईल.

ज्या गटांनी आपल्या तालुक्यात असं काही करून पाहिलं असेल त्यांनी लिहून पाठवावं. काय जमलं ते लिहा आणि कुणी दार लावून घेतलं तेही लिहा.